ठेक्यातला जीव कुणी काढला?

संगणकावर बसवलेला ठेका निर्जीव असतो, हे मत आता इतकं रुळलंय की मांडणाऱ्याकडे कुणी पुरावाच मागत नाही. जूचंद्र गावापासून वसईपर्यंत आगरी-कोळी गाण्यांचा शौक असलेल्या कुठल्याही घरात विषय काढा. जुन्या कॅसेटमधल्या ढोलकीची आठवण निघते आणि पाठोपाठ आताच्या ‘कंप्युटरवाल्या’ गाण्यांवर एक सुस्कारा पडतो. शहरातली समीक्षक मंडळीही हेच म्हणतात, फक्त त्यांचा सुस्कारा जरा संस्कृतप्रचुर असतो.

खंडन करायचं तर प्रतिपक्षाला आधी त्याची सगळी शस्त्रं हाती द्यावीत. त्याचं म्हणणं असं, की माणसाचा हात घड्याळासारखा चालत नाही आणि त्या मागेपुढे होण्यातच लयीचा जीव असतो. यंत्र मात्र प्रत्येक आघात चौकटीत ठोकून बसवतं, आणि चौकट तर मुळात परक्यांची, आपली लय तीत मावायचीच नाही. शिवाय ढोलकीवाला नाचणारीचा पाय बघून वाजवतो, यंत्राला डोळे कुठले? एक मुद्दा बहुतेकांच्या मनात पहिला असतो पण ओठांवर शेवटी येतो: वादकाच्या पोटावर पाय आला. यातला हा शेवटचा मुद्दा खरा आहे. पण तो रोजगाराचा आहे, सौंदर्याचा नाही, आणि दोन्हींची सरमिसळ झाली की कशाचाच न्याय होत नाही.

आधी परक्या चौकटीचं बघू. तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. हिशेबखात्याचा प्रमुख. त्यानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि त्याचा पाचवा अध्याय तालाला दिला. त्यात प्रस्तार आहे. अमुक इतक्या कालावधीत लघु, गुरू, प्लुत, द्रुत या लहानमोठ्या कालमापांच्या किती मांडण्या होऊ शकतात, त्या सगळ्या क्रमानं काढायच्या. एवढ्यावर हा हिशेबनीस थांबत नाही. क्रमांक दिला तर त्या क्रमांकाची मांडणी कोणती, हे ‘नष्ट’. मांडणी दिली तर तिचा क्रमांक कोणता, हे ‘उद्दिष्ट’. ड्रम मशीनवर ‘पॅटर्न’ क्रमांकानं बोलावतात ना, ती कल्पना आठ शतकांपूर्वी आपल्या मातीत लिहून ठेवलेली आहे. पुढे भातखंड्यांनी सम, खाली आणि विभागांच्या खुणा ठरवून ठेके कागदावर आणले, तेव्हाही ते चौकटीच आखत होते. छापलेला दादरा, धा धी ना, धा ती ना, जसाच्या तसा वाजवला तर कुणीही कान टवकारणार नाही, हे प्रत्येक तबलजीला ठाऊक असतं. तरी त्या छापील ओळीला कुणी निर्जीव म्हणून शिव्या देत नाही, कारण वाजवायचं वादकानं हे गृहीतच असतं. जूचंद्र तर रांगोळीचं गाव. ठिपके एका ओळीत मांडले म्हणून रांगोळी सरळसोट होत नाही, हे इथे सांगायलाच नको.

आता मागेपुढे होण्याच्या मुद्द्याकडे येऊ. सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे. हात चुकतो म्हणून लय जिवंत, हे सूत्र खरं असतं तर सर्वांत कच्च्या वादकाची लय सर्वांत जिवंत ठरली असती. २०११ साली जर्मनीत होल्गर हेनिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वादकांच्या आघातांची मोजदाद केली, तेव्हा असं दिसलं की हाताचं हे सरकणं फासे टाकल्यासारखं नसतं. आत्ताचा आघात किती मागे पडला याचा संबंध बऱ्याच आधीच्या आघातांशी लागतो. श्रोत्यांनीही असं नातं असलेलं सरकणं पसंत केलं, नुसतं यादृच्छिक नव्हे. पुढे २०१३ साली फ्रुहाउफ, कोपिएझ आणि प्लाट्झ यांनी एका साध्या ड्रम-ठेक्यातले आघात मुद्दाम थोडे थोडे सरकवून श्रोत्यांना ऐकवले, तेव्हा काटेकोर चौकटीतली आवृत्तीच वरचढ ठरली. म्हणजे काटेकोरपणा हा काही मृत्यूचा दाखला नव्हे. सॉफ्टवेअरमधलं ‘ह्यूमनाइज’चं बटण दाबून आघात इकडेतिकडे विस्कटणारे लोक आणि यंत्राला शाप देणारे लोक एकाच गैरसमजुतीचे भागीदार आहेत: जीव म्हणजे चूक.

मग गाणं मेल्यासारखं का वाटतं? कारण बहुतेक वेळा ठेका चुकीच्या चौकटीत बसवलेला असतो. याचं गणित अगदी साधं आहे. आपल्याकडची पुष्कळ कोळीगीतं तीन-तीनच्या चालीची, दादऱ्याच्या घरातली. सॉफ्टवेअर उघडलं की समोर येतात सोळा खाने, चार-चारचे चार गट. एफएल स्टुडिओचंच घ्या. १९९७ साली तो ‘फ्रूटी लूप्स’ नावानं आला तेव्हा जेमतेम एक छोटं ड्रम-यंत्र होता, आणि ती सोळा खान्यांची पट्टी आजही त्याच्या दारातच उभी असते. समजा मिनिटाला शंभर ठोके. एका ठोक्याला सहाशे मिलीसेकंद मिळाले. तीन भाग केले तर आघात शून्य, दोनशे आणि चारशेवर पडायला हवेत. चार भागांच्या पट्टीत मात्र जागा मिळतात शून्य, दीडशे, तीनशे आणि साडेचारशेवर. दोनशेचा आघात दीडशेवर ढकलला, चारशेचा साडेचारशेवर. दोन्हीकडे पन्नास मिलीसेकंदांची तफावत. ती कुणाच्याही कानाला टोचते, फक्त टोचतंय काय ते सांगता येत नाही. मग म्हणायचं, जीव नाही. अरे, पट्टी बाराची कर! हे यंत्राला एका क्लिकमध्ये जमतं, पण ते त्याला सांगावं लागतं, आणि सांगायला ठेका पोटात असावा लागतो.

दुसरं कारण आवाजाचं. ढोलकीचा एकच आघात ध्वनिमुद्रित करून तोच लागोपाठ वाजवला की मशीनगन सुटल्यासारखा आवाज येतो, कारण माणसाचे दोन आघात कधीच तंतोतंत सारखे नसतात. म्हणून शहाणा माणूस एकाच बोलाचे चार-पाच वेगवेगळे आघात घेतो आणि ते आलटूनपालटून येतील अशी सोय करतो. खुला बोल घुमत असतानाच दाबून मारलेला बोल आला तर आधीचं घुमणं तिथल्या तिथे तुटलं पाहिजे, कारण चामडं एकच आहे. हे दोन आवाज एकमेकांना ‘कट’ करतील अशी जोडणी केली नाही, तर कानाला दोन ढोलक्या एकदम ऐकू येतात आणि तिथेच सोंग उघडं पडतं. डाव्या बाजूचा घुमारा तर आणखी अवघड. आघातानंतर मनगटाच्या दाबानं स्वर वर चढतो, तो चढ ‘पिच बेंड’नं हातानं काढावा लागतो, आणि प्रत्येक वेळी वेगळा. आघाताचा जोर १ ते १२७ अशा पायऱ्यांत मोजला जातो. आळशी माणूस सगळे १००वर ठेवतो आणि मोकळा होतो. हे सगळं ज्याला करता येतं त्याला वादक म्हणायचं नाही तर काय म्हणायचं, हे प्रतिपक्षानं सांगावं. मी बघितलेले या भागातले चांगले प्रोग्रामर तरी आधी ढोलकी किंवा पॅड वाजवणारेच आहेत.

पॅडवरून आठवलं. हळदीत ज्या बेंजो पार्टीवर अख्खा मांडव नाचतो, ती ‘अस्सल’ आणि घरातला संगणक ‘नकली’, ही वाटणी मोठी गमतीची आहे. हा बेंजो म्हणजे जपानी ताइशोगोतोचा वंशज. १९१२ साली नागोयात गोरो मोरिता यांनी तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवून ते वाद्य घडवलं. बेंजोच्या शेजारचा ऑक्टापॅड रोलँड कंपनीनं १९८५ साली काढला, आठ रबरी चौकोनांचा, आणि पुढच्या मॉडेलांत आवाजही त्याच्या पोटातच भरून आले. म्हणजे हळदीतला ताशा, हळदीतली ढोलकी हे पुष्कळदा साठवलेले नमुनेच असतात. लग्नात गाणाऱ्या ढवलारणींच्या ढवळ्यांना बाजूला सारून बेंजो आला, तेव्हाही कुणीतरी मांडवाच्या कडेला बसून सुस्कारा टाकलाच असेल. आज तोच बेंजो परंपरा झाला.

जगभरही हीच रड झाली आहे. रॉजर लिन यांनी १९८० साली एलएम-१ आणलं, खऱ्या ड्रमचे नमुने वाजवणारं पहिलं यंत्र. दोन वर्षांत ब्रिटनमधल्या वादक-संघटनेच्या लंडनच्या शाखेनं सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बंदीचा ठराव केला. त्याच १९८२ साली मुंबईत वादक चरणजित सिंग रोलँडचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर मुद्रित करत होते. तेव्हा ती तबकडी कुणी विचारली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली आणि जग थक्क झालं.

राहिला डोळ्यांचा मुद्दा. यंत्र नाचणारीचा पाय बघत नाही, हे शंभर टक्के खरं. लावणीच्या फडावर ढोलकीवाल्याच्या जागी लॅपटॉप ठेवणाऱ्याला माझा पाठिंबा नाही. पण तुलना कशाशी चालली आहे ते बघा. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत खराखुरा ढोलकीवालाही कुणाचा पाय बघत नसतो. तो काचेमागे एकटा बसतो, कानाला हेडफोन, हेडफोनमध्ये क्लिकची टकटक, समोर भिंत. गायिका आदल्या दिवशी गाऊन गेलेली असते, नाहीतर उद्या येणार असते. फडावरच्या ढोलकीशी संगणकाची तुलना करून संगणकाला हरवणं म्हणजे कुस्ती भलत्याशी लावून निकाल आपल्या बाजूनं फिरवणं. बरोबरीची जोड म्हणजे क्लिकवर डब झालेली ढोलकी आणि समजून बसवलेला ठेका. तिथे निकाल कधी इकडे लागतो, कधी तिकडे.

‘यंत्र निर्जीव’ या मताचा मला खरा राग येतो तो वेगळ्याच कारणानं. ते आळशी माणसाला मोकळं सोडतं. विकतच्या पॅकमधला तोच तयार ‘लूप’ एकानं हळदीच्या गाण्यात लावायचा, दुसऱ्यानं देवीच्या, तिसऱ्यानं क्रिकेटच्या. आणि सगळं सारखं वाजायला लागलं की दोष कुणाचा, तर कंप्युटरचा. ज्यानं पट्टी सोळाचीच ठेवली, जोर सगळीकडे १०० ठेवला, घुमारा काढायचे कष्ट घेतले नाहीत, त्याचं नाव कुणी घेत नाही.

आणि पोटाचा प्रश्न? तो इथेच येऊन मिळतो. त्या तयार नमुन्यांमागेही एक माणूस आहे. कुठल्यातरी स्टुडिओत बसून एकेक बोल हळू, मध्यम, जोरात वाजवून देणारा. त्याचा हात पुढे शेकडो गाण्यांत वाजत राहतो. आता गाण्याच्या श्रेयनामावलीत ‘रिदम प्रोग्रामिंग’ अशी ओळ दिसू लागली आहे, हे चांगलंच झालं. तिच्याखाली ‘ढोलकीचे नमुने’ अशी आणखी एक ओळ टाकायला काहीच खर्च नाही. जूचंद्रच्या पोरांना तर विकतच्या पॅकचीही गरज नाही. चंडिकादेवीच्या जत्रेत ढोल वाजवणारे हात गावातच आहेत. दुपारी एका शांत खोलीत दोन माइक लावून त्यांचे बोल मुद्रित करावेत, त्याचे पैसे आधी ठरवावेत, आणि गाणं निघालं की त्या वादकाचं नाव गायकाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावं.