पेटीवरचे चित्र
1951-52च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदाराला शिक्का मारायचा नव्हताच. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. बैलजोडी, पणती असे चिन्ह पाहून मतपत्रिका आत टाकायची. साक्षर जेमतेम 18 टक्के, तेव्हा चित्र ही सोय नव्हे, मताधिकाराची अटच होती. विक्रोळीत गोदरेजने अशा लाखो पोलादी पेट्या घडवल्या; बाहेरचे कुलूप महाग पडे, म्हणून ते आतच बसवले. पण आडोशामागे मतदार एकटा! पत्रिका पेटीत न टाकता बाहेर नेऊन विकायची वाट मोकळीच राहिली. 1962मध्ये सगळी चिन्हे एका कागदावर आली, पेटी सामायिक झाली. मग नवी अडचण: घडी घातली की ओली शाई पलीकडच्या चिन्हावर उमटे. त्यावर बाणांच्या फुलीचा शिक्का निघाला. डाग उमटला तरी त्याचे बाण उलट्या दिशेने वळतात, खरे मत कोणते ते कळते.