डॉबरमनची भीती आली कुठून?



शेतावरच्या एखाद्या बंगल्याच्या फाटकाआड उभ्या कानांचा काळा डॉबरमन दिसला, की आपली पावलं दुरूनच वळतात. या कुत्र्याविषयी गावोगावी ठाम सांगितलं जातं, की तो जन्मतःच रागीट असतो. वय वाढलं की त्याचा मेंदू कवटीत मावत नाही, डोकं फिरतं आणि तो मालकावरच उलटतो. यात खरं किती, हे पाहण्यासाठी आज आम्ही त्याचा इतिहास सांगणार आहोत.

जर्मनीत आपोल्डा नावाचं गाव आहे. तिथे १८३४ साली लुई डोबरमान यांचा जन्म झाला. त्यांचं काम करवसुलीचं. जवळ पैसे घेऊन फिरायचं, म्हणजे लुटारूंची भीती. शिवाय कर मागायला येणारा माणूस कुणाला आवडतो? म्हणून त्यांनी वेगवेगळ्या कुत्र्यांचा संकर करून एक राखणदार तयार केला. कोणकोणती कुत्री वापरली, याची नोंद काही त्यांनी ठेवली नाही. १८९४ साली ते वारले आणि पुढे या जातीला त्यांचंच नाव मिळालं. त्यांच्यानंतर त्याच गावातल्या ओटो गोलर यांनी या जातीला आणखी वळण लावलं.

म्हणजे समोरच्याला धाक वाटावा आणि मालकाचं ऐकावं, अशा दोन्ही गोष्टींसाठी हा कुत्रा घडवला गेला. त्यातला धाक आपल्या लक्षात राहिला, ऐकण्याचा गुण मागे पडला.

ज्या उभ्या कानांना आपण घाबरतो, ते तर त्याचे जन्माचे नाहीतच. डॉबरमनच्या पिल्लाचे कान लोंबते आणि शेपटी लांब असते. रुबाबदार दिसावं म्हणून माणसं लहानपणीच ते कापतात. जर्मनीत आता याला बंदी आहे.

पोलिसांनी आणि सैन्यानेही हा कुत्रा वापरला. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर अमेरिकी सैनिकांबरोबर बरेच डॉबरमन होते. लपलेल्या शत्रूचा वास घेऊन ते सैनिकांना सावध करत. तिथे २५ कुत्री कामी आली. १९९४ साली त्यांचं स्मारक झालं. त्यावर बसलेल्या डॉबरमनचा पुतळा आहे आणि खाली त्या कुत्र्यांची नावं कोरली आहेत. आपल्याकडेही चोरीच्या बातमीत 'श्वान रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळले' असं वाचतो ना? पोलिसांच्या त्या श्वानपथकांत डॉबरमनने माग काढण्याचं काम केलं आहे. सिनेमात मात्र तो दिसला खलनायकाच्या बंगल्यावर, आणि तेच चित्र डोक्यात बसलं.

आता मेंदूची गोष्ट. कुत्र्याचा मेंदू आणि कवटी बरोबरीने वाढतात, आणि पूर्ण वाढ झाली की दोन्हींची वाढ थांबते. डॉबरमनही याला अपवाद नाही. माणसांच्या सहवासात, शिकवून वाढवलेला डॉबरमन घरच्यांना चिकटून राहतो. केस आखूड असल्याने त्याला थंडीही सोसत नाही. अशा कुत्र्याला दिवसरात्र साखळीला बांधलं, पोरांनी दगड मारले, तर तो चिडका होणारच. तो ताकदवान आहे, जबडा मोठा आहे, त्यामुळे चावला तर जखम खोल होते. तेव्हा सांभाळून राहायचंच, आणि लहान मुलांना कुठल्याही कुत्र्याजवळ एकटं सोडायचं नाही.

आम्हाला काळजी वाटते ती वेगळीच. डॉबरमन चावला तर आपण धावत दवाखाना गाठतो. पण दारातलं पिल्लू खेळता खेळता चावलं, तर 'एवढंसं तर आहे' म्हणून चुना नाहीतर हळद लावून गप्प बसतो. रेबीज कुत्र्याची जात बघत नाही. त्याची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणून कुठलंही कुत्रं चावलं किंवा त्याचं नख लागून रक्त आलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. तिला चुना, हळद, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि लशीचे सगळे डोस पूर्ण करा. जखमेतून रक्त आलं असेल, तर लशीबरोबर वेगळं इंजेक्शनही लागतं. ते डॉक्टरांना विचारा.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा: कुणाकुणाच्या घरी कुत्रं आहे आणि त्याला यंदा रेबीजची लस दिली का, याची यादी करा. राहिलेल्या कुत्र्यांसाठी मिळून पशुवैद्यकीय दवाखान्यात जा.