दिनविशेष : १५ नोव्हेंबर – अणुवीज परवान्याची चौकी

कर्जत (जि. अहिल्यानगर) : १५ नोव्हेंबर १९८३ रोजी राष्ट्रपतींच्या आदेशाने अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. मुख्यालय मुंबईत. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या तेव्हा १४ वर्षे वीज देत होत्या. म्हणजे प्रकल्प आधी, स्वतंत्र पहारेकरी नंतर!

देशाच्या एकूण वीजनिर्मितीत अणुविजेचा वाटा आजही सुमारे ३ टक्केच आहे. तो वाढवायचा तर नव्या अणुभट्ट्या लागणार. जागेची निवड, बांधकाम, चाचणी आणि प्रत्यक्ष उत्पादन या प्रत्येक टप्प्यावर मंडळाची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. कायमचा परवाना कोणालाच मिळत नाही. मुदत संपण्याआधी सुरक्षिततेची पुन्हा तपासणी होते. या कामाला वेळ लागतो आणि तो लागलाच पाहिजे.

पण हा पहारेकरी पुरेसा स्वायत्त आहे का? २०१२ मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालात नेमक्या याच मुद्द्यावर बोट ठेवले होते. विजेची गरज वाढत असताना तो प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो.

अणुभट्टी कर्जतपासून दूर असली, तरी मंडळ दूर नाही. दवाखान्यातल्या एक्स-रे यंत्रालाही त्याचाच परवाना लागतो. पुढच्या वेळी एक्स-रे काढताना तो आहे का, हे जरूर विचारा.