होम सर्व्हर: घरातला छोटा कॉम्प्युटर आणि डेटाच्या वेगाचे धडे

वायफाय राउटरच्या शेजारी रात्रंदिवस चालू असलेला एक छोटा कॉम्प्युटर, त्यावर घरातल्या सगळ्यांचे फोटो, कागदपत्रं, गाणी आणि सिनेमे, आणि मोबाइल किंवा टीव्हीने मागितलं की ते पुरवणारं सॉफ्टवेअर. होम सर्व्हर म्हणतात तो एवढाच. अनेक सॉफ्टवेअर इंजिनिअर असा सर्व्हर घरी चालवतात. काहींना आपला डेटा आपल्या ताब्यात हवा असतो, तर काहींना हाताने करून शिकायचं असतं.

होम सर्व्हरवर काय काय चालतं ते या लेखात आधी पाहू. मग तो संथ झाला की वेळ नेमका कुठे जातो, हे सविस्तर समजून घेऊ. इथला गैरसमज खिशाला जड जातो. सर्व्हर रेंगाळला की जास्त ताकदीचा प्रोसेसर घ्यावा असं वाटतं, पण बऱ्याचदा आहे तोच प्रोसेसर डेटाची वाट पाहत रिकामा बसलेला असतो.

होम सर्व्हरवर काय चालवतात?

बहुतेकांची सुरुवात फोटोंपासून होते. फोनमधले फोटो आपोआप घरच्या सर्व्हरवर यावेत यासाठी ‘इमिच’ किंवा ‘नेक्स्टक्लाउड’ वापरतात. सिनेमे आणि गाण्यांसाठी ‘जेलीफिन’, घरभरच्या जाहिराती अडवायला ‘पाय-होल’, दिवे-पंखे आणि सेन्सर जोडायला ‘होम असिस्टंट’. हे सगळं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे आणि बहुधा लिनक्सवर चालवलं जातं.

यासाठी मशीन भारी लागत नाही. जुना लॅपटॉप चालतो. २०१२ मध्ये बाजारात आलेला ‘रास्पबेरी पाय’ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर यासाठी लोकप्रिय झाला. अलीकडे इंटेलच्या एन१०० सारख्या कमी विजेच्या प्रोसेसरचे मिनी पीसी वापरले जातात.

विजेचा हिशोब मात्र आधी करावा. सतत १० वॅट घेणारं यंत्र ३० दिवसांत ७.२ युनिट वीज वापरतं. ६० वॅट घेणारा जुना डेस्कटॉप तेवढ्याच दिवसांत ४३.२ युनिट खातो. महावितरणचे घरगुती दर वापराच्या टप्प्यांनुसार वाढत जातात, त्यामुळे ही भर पडून तुमचा वापर वरच्या टप्प्यात जातो का, हे पाहून ठेवा.

वेग म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी

‘डिस्क फास्ट आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात दोन गोष्टींची सरमिसळ असते. एक म्हणजे प्रवाह: एकदा वाचायला सुरुवात झाली की सेकंदाला किती डेटा येतो. दुसरी म्हणजे विलंब: मागितल्यापासून पहिला तुकडा हाती येईपर्यंत किती वेळ जातो.

फिरत्या हार्ड डिस्कमध्ये हा फरक डोळ्यांत भरतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यासाठी ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद थांबावं लागतं. ते टोक योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी ८-९ मिलिसेकंद लागतात. म्हणजे दर नव्या जागेसाठी १२-१३ मिलिसेकंद गेले. सेकंदाला अशा जेमतेम ८० उड्या होतात. सलग वाचन असेल तर मात्र हीच डिस्क सेकंदाला १५० एमबी किंवा त्याहून जास्त डेटा सहज देते.

एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. तिचा विलंब साधारण ०.१ मिलिसेकंद किंवा त्याहून कमी असतो. मेमरी, म्हणजे रॅम, तर सुमारे १०० नॅनोसेकंदांत उत्तर देते. हार्ड डिस्कच्या एका उडीच्या वेळात मेमरीतून लाखभर वेळा वाचून होतं.

छोट्या फायलींचं कोडं

समजा, सर्व्हरवर ४०,००० फोटो आहेत आणि प्रत्येकाची २० केबीची छोटी प्रतिमा वेगळ्या फायलीत ठेवली आहे. एकूण डेटा ८०० एमबी. एकच सलग फाइल असती तर हार्ड डिस्कने ती पाच-सहा सेकंदांत वाचली असती. पण फायली डिस्कभर विखुरलेल्या असतील तर प्रत्येकीसाठी एक उडी. ४०,००० गुणिले १२.५ मिलिसेकंद म्हणजे ५०० सेकंद, आठ मिनिटांहून जास्त! एसएसडीवर त्याच उड्यांचे मिळून चार सेकंद होतात.

डेटा तितकाच आणि प्रोसेसरही तोच असताना एवढा फरक पडतो. बाजारातून २० वस्तू एका खेपेत आणणं आणि प्रत्येक वस्तूसाठी वेगळी खेप करणं यातला हा फरक आहे.

म्हणून जाणकार घरी दोन प्रकारचा साठा ठेवतात. डेटाबेस, छोट्या प्रतिमा आणि खुद्द ऑपरेटिंग सिस्टिम एसएसडीवर. मूळ फोटो, सिनेमे आणि बॅकअप अशा मोठ्या, सलग वाचल्या जाणाऱ्या गोष्टी स्वस्त हार्ड डिस्कवर. हार्ड डिस्क घेताना ती ‘एसएमआर’ प्रकारची आहे का, हे तपासावं. या प्रकारात डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. जुन्या जागी नवा डेटा लिहिताना शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात, आणि मोठं लिखाण चालू असताना डिस्क अचानक रेंगाळते.

डेटाबेस: एकेक नोंद की एकत्र खेप?

घरातलं तापमान, विजेचा वापर अशा नोंदी ठेवणारा प्रकल्प अनेक जण करतात. त्यासाठी ‘एसक्यूलाइट’ हा छोटा डेटाबेस सोयीचा. त्याच्या अधिकृत माहितीतच एक बोलका मुद्दा आहे: साध्या डेस्कटॉपवर सेकंदाला ५०,००० किंवा त्याहून जास्त नोंदी घालता येतात, पण ट्रान्झॅक्शन मात्र सेकंदाला काही डझनच होतात.

ट्रान्झॅक्शन म्हणजे ‘हे पक्कं लिहून झालं’ अशी हमी. वीज गेली तरी नोंद राहावी म्हणून डेटा खरोखर डिस्कवर उतरेपर्यंत डेटाबेस थांबतो. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कवर अशा सुमारे ६० हमी सेकंदाला मिळतात. १०,००० नोंदी एकेक करून घातल्या तर जवळजवळ तीन मिनिटं लागतील. सगळ्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घातल्या तर काम सेकंदाच्या आत उरकतं. ही हमीच बंद करून वेग वाढवण्याची सेटिंगही असते, पण वीज गेल्यावर डेटाबेस बिघडण्याचा धोका त्यात आहे. नोंदी एकत्र घालणं हा सुरक्षित मार्ग.

दुसरा धडा इंडेक्सचा. दहा लाख नोंदींतून एक शोधायची असेल आणि इंडेक्स नसेल, तर डेटाबेस सगळं टेबल वाचत जातो. बहुतेक डेटाबेसमधला इंडेक्स ‘बी-ट्री’ पद्धतीचा असतो. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकक्राइट यांनी ती १९७० च्या सुमारास मांडली. झाडाच्या प्रत्येक पानावर १०० फाटे असतील तर तीन पायऱ्यांत १०० × १०० × १००, म्हणजे दहा लाख नोंदींपर्यंत पोहोचता येतं. मात्र प्रत्येक इंडेक्स नवी नोंद घालताना अद्ययावत करावा लागतो. म्हणून ज्या रकान्यांवर खरोखर शोध घेतला जातो, त्यांच्यावरच तो ठेवावा.

लॅन केबलमध्ये अडकलेला वेग

डिस्क कितीही वेगवान असली तरी डेटा घरच्या नेटवर्कमधूनच येतो. इथे बिट आणि बाइट यांची गल्लत होते. १०० मेगाबिटची जोडणी सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ एमबी देते, कारण एका बाइटमध्ये आठ बिट असतात. गिगाबिट जोडणीवर प्रत्यक्षात ११० एमबीच्या आसपास मिळतात. ५० जीबीचा बॅकअप पहिल्या जोडणीवर तासाहून जास्त घेतो, दुसऱ्या जोडणीवर साडेसात-आठ मिनिटं.

गिगाबिटला लॅन केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, तर १०० मेगाबिटला दोनच पुरतात. एखादी जोडी तुटली की जोडणी गुपचूप १०० मेगाबिटवर उतरते. इंटरनेट चालू असतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. अशा वेळी नवा सर्व्हर घेण्याऐवजी नवी केबल टाकली की काम होतं.

आधी मोजा, मग खर्च करा

मोजण्याची साधनं लिनक्सवर फुकट मिळतात. ‘टॉप’ चालवलं की प्रोसेसरच्या ओळीत ‘डब्ल्यूए’ हा आकडा दिसतो. प्रोसेसर डिस्कच्या प्रतीक्षेत किती वेळ रिकामा होता, ते त्यावरून कळतं. कोणती डिस्क किती व्यग्र आहे हे ‘आयओस्टॅट’ दाखवतं. दोन यंत्रांमधल्या नेटवर्कचा वेग ‘आयपर्फ३’ मोजतं. एसक्यूलाइटमध्ये प्रश्नाआधी ‘एक्स्प्लेन क्वेरी प्लॅन’ लिहिलं, की इंडेक्स वापरला जातोय की सगळं टेबल वाचलं जातंय, हे समजतं.

मोजताना एक सापळा टाळावा. लिनक्स एकदा वाचलेल्या फायली मोकळ्या रॅममध्ये ठेवून देतं. याला कॅश म्हणतात. त्यामुळे तीच चाचणी दुसऱ्यांदा केली की आकडे छान येतात, पण ते डिस्कचे नसून मेमरीचे असतात. डिस्कच तपासायची असेल तर रॅमपेक्षा मोठा डेटा घ्या. ‘मोकळी रॅम फारच कमी’ असं दिसलं तर घाबरून जाऊ नका. कॅशसाठी घेतलेली जागा गरज पडताच मोकळी होते.

हा धडा मोठ्या यंत्रणांनाही लागू पडतो. २०१५ मध्ये फ्रँक मॅकशेरी, मायकेल आयझार्ड आणि डेरेक मरे या संशोधकांनी एक तुलना प्रसिद्ध केली. ट्विटरच्या सुमारे दीडशे कोटी जोडण्यांच्या जाळ्यावर पेजरँकचं गणित करायचं होतं. नीट लिहिलेल्या साध्या प्रोग्रॅमने लॅपटॉपवर, एकाच थ्रेडमध्ये, ते सुमारे ३०० सेकंदांत केलं. १२८ कोअरवर चालणाऱ्या काही नामांकित प्रणालींना त्याहून जास्त वेळ लागला होता.

वेगाच्या आधी सुरक्षितता

सर्व्हर संथ असला तर चिडचिड होते. पण आजी-आजोबांचे फोटो गेले, तर ते कुठल्याही वेगाने परत येत नाहीत. दोन डिस्कवर एकच डेटा ठेवणारी ‘रेड’ पद्धत एक डिस्क बिघडली तरी काम चालू ठेवते. चुकून पुसलेली फाइल मात्र दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते. म्हणून रेडला बॅकअप समजू नये.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम सोपा आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत इंटरनेटवरून पाठवणार असाल तर वेळ आधी काढा. ५०० जीबी डेटा ४० मेगाबिटच्या अपलोडने जायला जवळजवळ २८ तास लागतात. त्यापेक्षा पहिली प्रत पोर्टेबल डिस्कवर घेऊन नातेवाइकांकडे ठेवणं आणि नंतर फक्त बदल पाठवणं सोपं पडतं.

आणखी दोन गोष्टी. वारंवार वीज जात असेल तर सर्व्हरला छोटा यूपीएस जोडा, कारण अर्धवट लिहिलेला डेटा हे बिघाडाचं नेहमीचं कारण आहे. आणि दर काही महिन्यांनी बॅकअपमधून एखादा फोल्डर खरोखर परत आणून, उघडून पाहा. परत आणून न पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवता येत नाही.

थोडक्यात

सर्व्हर संथ वाटला तर या क्रमाने तपासा: नेटवर्कची जोडणी किती मेगाबिटची आहे, प्रोसेसर डिस्कची वाट पाहतोय का, छोट्या फायली आणि डेटाबेस हार्ड डिस्कवर आहेत का, इंडेक्स आहे का, नोंदी एकेक करून जातायत का. यातल्या बऱ्याच गोष्टी फुकटात किंवा एका केबलच्या किमतीत दुरुस्त होतात. एवढं करूनही प्रोसेसर खरोखर पूर्ण वेळ कामात दिसला, तर नवं मशीन जरूर घ्या.