‘ध्वनि’ या संज्ञेची जन्मकथा

उपमा, रूपक, उत्प्रेक्षा हीं नांवें आपण शाळेंत पाठ केलीं, परीक्षेंत लिहिलीं आणि बहुधा तेथेंच ठेवून आलों. त्यामुळें साहित्यशास्त्र म्हणजे नांवांची एक लांबलचक यादी, असा आपला ग्रह होतो. परंतु श्रोतेहो, या संज्ञांच्या मागें एक जुना प्रश्न उभा आहे. काव्याचें सौंदर्य राहतें कोठें? ‘ध्वनि’ या एका संज्ञेचा इतिहास पाहिला तरी हें ध्यानांत येईल.

भामह व दंडी यांनीं तें सौंदर्य मुख्यतः अलंकारांत शोधिलें. पुढें काश्मीरच्या जयापीड राजाचा मंत्री मानला जाणारा वामन म्हणाला कीं, काव्याचा आत्मा ‘रीति’, म्हणजे पदांची विशिष्ट रचना, हा होय. नवव्या शतकांत त्याच काश्मीरांत, अवंतिवर्म्याच्या कारकीर्दींत (इ. स. ८५५–८८३), आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोक’ रचून निराळेंच उत्तर दिलें. लावण्य जसें सुंदर अवयवांहून वेगळें भासतें, तसा श्रेष्ठ काव्यांत शब्दांच्या सरळ अर्थापलीकडे दुसरा अर्थ उमटतो, असें त्याचें म्हणणें. घंटेचा टोला थांबल्यावरही नाद रेंगाळतो, तसा हा अर्थ. त्याला नांव दिलें तें वैयाकरणांकडून घेऊन. कानीं पडणारे वर्ण शब्दाचें खरें स्वरूप प्रकट करितात, म्हणून वैयाकरण त्यांस ‘ध्वनि’ म्हणत असत.

शास्त्रकारांचें ठरलेलें उदाहरण गंगेवरील गवळीवाड्याचें आहे. तें आपल्या घरीं आणूं. गोदावरीला गंगा म्हणणारा नाशिककर सांगतो, “आमचें घर गंगेवर आहे.” पाण्यावर घर नसतें, हें आपण जाणतों. म्हणून ‘गंगेच्या कांठीं’ असा अर्थ घेतों. ही लक्षणा झाली. पण ‘कांठीं’ असें न म्हणतां तो ‘गंगेवर’ म्हणतो, तेव्हां त्या घराची शीतलता व पावित्र्यही मनांत येतें. तें कोणत्याच शब्दानें सांगितलेलें नाहीं. ही व्यंजना होय.

हें मत सुखासुखीं मान्य झालें नाहीं. ध्वनि मुळीं नाहींच, किंवा ती लक्षणाच आहे, असे आक्षेप आनंदवर्धनानें आरंभींच मांडून खोडले आहेत. इ. स. १०००च्या सुमारास अभिनवगुप्तानें ‘लोचन’ ही टीका लिहून त्याची बाजू बळकट केली. तर महिमभट्टानें ध्वनि म्हणजे केवळ अनुमान, असें प्रतिपादन केलें. अखेर अकराव्या शतकांत मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’नें ध्वनीला पाठ्यग्रंथांत कायमचें स्थान दिलें.

इ. स. १८९१ मध्यें मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें ‘काव्यमाला’ मालेंत ‘ध्वन्यालोक’ छापिला. हस्तलिखितांतला वाद अशा रीतीनें सामान्य वाचकाच्या हातीं आला.

या वादांत वाचकाचा मोठा लाभ झाला. न बोललेला अर्थ ऐकावयास कोणीतरी हवा. त्याला या आचार्यांनीं ‘सहृदय’ म्हटलें. केवळ व्याकरण व कोश जाणणाऱ्यास तो अर्थ सांपडत नाहीं, असें आनंदवर्धन स्पष्ट सांगतो. तेव्हां कविता वाचतांना अलंकाराचें नांव ओळखून थांबूं नये. तो अलंकार काढला तर मागें काय उरतें आणि काय हरवतें, हें स्वतःस विचारावें.