हाउलिन वुल्फ

चेस्टर आर्थर बर्नेट तथा हाउलिन वुल्फ (जन्म : १० जून १९१०, मृत्यू : १० जानेवारी १९७६) हे अमेरिकन ब्लूज गायक, गीतकार, गिटारवादक व माउथ ऑर्गनवादक होते. ‘हाउलिन वुल्फ’ या टोपणनावाचा अर्थ ‘हेल काढून ओरडणारा लांडगा’ असा होतो. मिसिसिपी राज्याच्या ग्रामीण भागातील ब्लूज संगीताला विद्युत गिटार व तालवाद्यांची जोड देऊन शिकागो शहरात जी शैली घडली, तिच्या प्रमुख शिल्पकारांमध्ये मडी वॉटर्स यांच्यासह त्यांची गणना होते.

ब्लूज हा अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय समाजात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उदयास आलेला गीतप्रकार आहे. मळ्यांवरील श्रमगीते आणि चर्चमधील भक्तिगीते यांचे संस्कार त्यावर आहेत. बारा आवर्तनांचा साचा, पहिल्या ओळीची पुनरुक्ती आणि तिसऱ्या ओळीत येणारे उत्तर ही त्याची परिचित रचना होय.

बालपण

बर्नेट यांचा जन्म मिसिसिपी राज्यातील वेस्ट पॉइंट या गावाजवळील व्हाइट स्टेशन येथे झाला. अमेरिकेचे एकविसावे राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांच्यावरून त्यांचे नाव ठेवण्यात आले. आजोबा त्यांना लांडग्यांच्या गोष्टी सांगून भीती घालत. त्यांचे टोपणनाव त्यावरूनच पडले, असे ते सांगत.

आईवडील विभक्त झाल्यावर काही काळाने आईने त्यांना घराबाहेर काढले. त्यानंतर ते एका नातेवाइकाकडे वाढले. तेथे त्यांना शाळेऐवजी कष्टाची कामे आणि मारहाण वाट्याला आली. तेराव्या वर्षी ते तेथून पळाले आणि सुमारे १३५ किलोमीटर अंतर अनवाणी चालून मिसिसिपी डेल्टा भागात वडिलांकडे पोहोचले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. वडिलांच्या कुटुंबात त्यांना प्रथमच स्थैर्य लाभले. मात्र कापसाच्या शेतातील कामामुळे औपचारिक शिक्षण राहूनच गेले.

संगीताची जडणघडण

१९३०च्या सुमारास डॉकरी या कापसाच्या मळ्याच्या परिसरात त्यांची चार्ली पॅटन या नामांकित ब्लूज गायकाशी भेट झाली. गिटारवादनाचे आणि श्रोत्यांसमोर रंग भरण्याचे पहिले धडे त्यांनी पॅटन यांच्याकडून घेतले. माउथ ऑर्गन त्यांना सनी बॉय विल्यमसन (दुसरे) यांनी शिकवला. श्वेतवर्णीय गायक जिमी रॉजर्स यांची ‘योडल’ ही आवाज उलटवण्याची पद्धत त्यांना आवडे. ती आपल्या गळ्यातून निघेना, तेव्हा आपण हेल काढून ओरडण्याकडे वळलो, असे ते सांगत. १९४१ ते १९४३ या काळात ते अमेरिकन सैन्यात होते. त्यानंतर काही वर्षे त्यांनी शेती व गायन दोन्ही सांभाळले.

मेम्फिस ते शिकागो

१९४८ मध्ये ते आर्कान्सा राज्यातील वेस्ट मेम्फिस येथे आले. तेथे त्यांनी विद्युत गिटारचा समावेश असलेला स्वतःचा बँड उभारला आणि स्थानिक नभोवाणी केंद्रावर कार्यक्रम सुरू केला. १९५१ मध्ये सॅम फिलिप्स यांनी मेम्फिस येथे त्यांचे गायन ध्वनिमुद्रित केले. एल्विस प्रेस्ली यांना पुढे प्रकाशात आणणारे ते हेच फिलिप्स. ‘मोनिन अ‍ॅट मिडनाइट’ व ‘हाऊ मेनी मोअर इयर्स’ ही गाणी शिकागोच्या चेस रेकॉर्ड्स या कंपनीने प्रकाशित केली. पहिली ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा बर्नेट ४१ वर्षांचे होते.

लवकरच ते शिकागोला स्थायिक झाले. त्या काळात दक्षिणेतील असंख्य कृष्णवर्णीय कुटुंबे कामाच्या शोधात रिकाम्या हाताने उत्तरेकडे जात होती. आपण मात्र स्वतःच्या मोटारीतून, खिशात जवळपास चार हजार डॉलर घेऊन आलो, याचा बर्नेट यांना अभिमान होता. १९५४ मध्ये तरुण गिटारवादक ह्यूबर्ट सम्लिन त्यांच्या बँडमध्ये आले आणि अल्प खंड वगळता अखेरपर्यंत त्यांच्यासोबत राहिले.

गायनशैली व प्रमुख गीते

सहा फुटांहून अधिक उंची, धिप्पाड देह आणि खरखरीत, घनगंभीर आवाज यांमुळे त्यांचे गायन श्रोत्यांवर खोल परिणाम करी. रंगमंचावर ते गुडघ्यांवर बसत, रांगत आणि मधूनच लांडग्यासारखी आरोळी देत. ‘स्मोकस्टॅक लाइटनिंग’ (१९५६) हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध गीत होय. ‘किलिंग फ्लोअर’ (१९६४) हेही त्यांचे स्वतःचे गीत आहे. ‘स्पूनफुल’, ‘बॅक डोअर मॅन’ व ‘लिटल रेड रूस्टर’ ही त्यांनी गाजवलेली गीते मात्र विली डिक्सन यांच्या नावावर आहेत.

शिक्षण व बँडचे व्यवस्थापन

प्रौढ वयापर्यंत बर्नेट यांना लिहिता-वाचता येत नव्हते. चाळिशी उलटल्यावर, गायक म्हणून नाव झाल्यानंतर, ते प्रौढ शिक्षणवर्गात दाखल झाले. तेथे त्यांनी अक्षरओळखीपासून आरंभ केला आणि पुढे हिशेब ठेवण्याचे शिक्षणही घेतले. निरक्षर कलावंतांची करारात व मानधनात सहज फसवणूक होत असे, हे लक्षात घेता या निर्णयाचे महत्त्व कळते. त्यांच्या पत्नी लिली आर्थिक व्यवहार पाहत. बँडमधील वादकांना वेळेवर वेतन मिळे आणि त्यांच्या बेरोजगारी विम्याची रक्कमही भरली जाई. त्या काळातील ब्लूज बँडमध्ये ही व्यवस्था विरळा होती.

आईशी मात्र त्यांचा समेट झाला नाही. ब्लूज हे सैतानाचे संगीत आहे, अशी तिची श्रद्धा होती. मुलाने देऊ केलेले पैसेही तिने स्वीकारले नाहीत.

रॉक संगीतावरील प्रभाव

१९६४ मध्ये अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल या दौऱ्यानिमित्त त्यांनी युरोपात गायन केले. त्याच वर्षी रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडने गायलेले ‘लिटल रेड रूस्टर’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. १९६५ मध्ये ‘शिंडिग’ या अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमात रोलिंग स्टोन्सच्या आग्रहावरून बर्नेट यांना निमंत्रण मिळाले. स्वदेशातील बहुसंख्य श्वेतवर्णीय प्रेक्षकांना त्यांची ओळख अशा रीतीने परदेशी तरुणांमार्फत झाली. क्रीम व द डोअर्स या बँडनीही त्यांची गीते गायली. लेड झेपेलिनच्या ‘द लेमन साँग’ (१९६९) या गीतातील ‘किलिंग फ्लोअर’शी असलेल्या साम्यावरून न्यायालयीन वाद झाला. तो तडजोडीने मिटून बर्नेट यांना श्रेय देण्यात आले. १९७० मध्ये लंडन येथे एरिक क्लॅप्टन आदी वादकांसह ध्वनिमुद्रित झालेला त्यांचा संग्रह १९७१ मध्ये प्रकाशित झाला.

अखेरचे दिवस व सन्मान

हृदयविकाराचे झटके आणि मोटार अपघातात मूत्रपिंडांना झालेली इजा यांमुळे त्यांची प्रकृती खालावली. नियमित डायलिसिस घेत त्यांनी दौरे चालू ठेवले. नोव्हेंबर १९७५ मध्ये शिकागो येथे बी. बी. किंग आदी कलावंतांसमवेत त्यांनी अखेरचा कार्यक्रम केला. त्यानंतर १० जानेवारी १९७६ रोजी शिकागोजवळील हाइन्स येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

१९८० मध्ये ब्लूज हॉल ऑफ फेममध्ये आणि १९९१ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश करण्यात आला. १९९४ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.