तीन दिव्यांनंतरची रेघ

बारा व्होल्टची एलईडी पट्टी आणली की तिच्यावर ठरावीक अंतरानं कात्रीची खूण छापलेली दिसते. मीटरला साठ दिवे असतील तर ही खूण दर पाच सेंटिमीटरवर, म्हणजे दर तीन दिव्यांनंतर येते. पट्टी कापायची ती तिथंच. अधेमधे कापली तर त्या तुकड्यातले दिवे लागत नाहीत. वर्कशॉपच्या टेबलावर घरच्या घरी उजेडाची सोय करणारा प्रत्येक जण ही रेघ पाळतो. ती बरोबर तीन दिव्यांनंतरच का पडते, याचं उत्तर शोधायचं तर १८५९ सालच्या फ्रान्सपर्यंत मागं जावं लागतं.

त्या वर्षी गास्तों प्लांते यांनी शिशाचे दोन पत्रे एकमेकांना लागू न देता गुंडाळले आणि सल्फ्युरिक आम्लात बुडवले. पुन्हा पुन्हा चार्ज करता येईल अशी पहिली बॅटरी ती. तिचं एक घर, म्हणजे सेल, साधारण दोन व्होल्ट देतं. हा आकडा रसायनानं ठरवलेला आहे. घर लहान केलं काय किंवा मोठं केलं काय, तो बदलत नाही. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप दिला आणि बॅटरी धंद्यासाठी उपयोगाची झाली. १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर कॅडिलॅकमध्ये बसला. त्यानंतर कित्येक वर्षं मोटारीत तीन घरांची, सहा व्होल्टची बॅटरी असायची. दुसऱ्या महायुद्धानंतरची इंजिनं मोठी आणि जास्त दाबाची होती. ती फिरवायला सहा व्होल्टवर फार जास्त अँपिअर आणि फार जाड वायर लागायची. म्हणून १९५० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकी कंपन्यांनी घरं दुप्पट केली. सहा घरं झाली, बारा व्होल्ट झाले, आणि मोटारी त्याच आकड्यावर स्थिरावल्या. आपल्या गावांत वीज नसली की ट्रॅक्टरच्या बॅटरीवर छोटा टीव्ही लावायचे, तोही या बारा व्होल्टांवरच.

या बारा व्होल्टांवर चालणारा कॉम्प्युटरचा पंखा आणि एलईडी दिवा या दोघांच्या कुळात १९६२ हे साल येतं, आणि मला हा योग फार महत्त्वाचा वाटतो. त्या वर्षी निक होलोन्याक यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी तयार केला. त्याच वर्षी टी. जी. विल्सन आणि पी. एच. ट्रिकी यांनी कार्बन ब्रशांऐवजी ट्रान्झिस्टरनं दिशा बदलणाऱ्या डीसी मोटरवर निबंध मांडला. ब्रशची मोटर ठिणग्या पाडते आणि झिजते. ब्रशच नसला तर झिजायला मुख्यतः बेअरिंग तेवढं उरतं. जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा उघडून पाहा. मागचं स्टिकर सोलून आतली छोटी प्लॅस्टिकची रिंग काढली की पाती हातात येतात. त्यांच्या आत कडेनं चुंबकाची पट्टी असते, चौकटीवर तांब्याच्या तारेची बहुधा चार वेटोळी असतात, आणि त्यांच्या शेजारी एक बारीक काळी चिप. चुंबकाचं कोणतं टोक समोर आलं हे ती चिप ओळखते आणि त्याप्रमाणे वेटोळ्यातली वीज फिरवते. ज्या परिणामावर ती चालते, तो एडविन हॉल यांनी १८७९ मध्येच शोधला होता.

दिव्याला मात्र पांढरं व्हायला बराच काळ लागला. लाल आणि हिरवा मिळाले, निळा मिळेना. जपानमध्ये इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडचा नाद सोडला नाही. १९९३ मध्ये नाकामुरांनी निचिया कंपनीत प्रखर निळा एलईडी तयार केला. त्यावर पिवळा उजेड देणाऱ्या फॉस्फरचा थर दिला की डोळ्यांना पांढरा प्रकाश दिसतो. तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं.

आता त्या रेघेकडे येऊ. पांढऱ्या एलईडीला साधारण ३.२ व्होल्ट लागतात. असे तीन एकापुढे एक जोडले की ९.६ होतात. चार जोडले तर बारांपेक्षा जास्त होतात आणि पुरेसा उजेड पडत नाही. तिघांनंतर उरलेले २.४ व्होल्ट रेझिस्टर खातो. पट्टीवर '१५१' लिहिलेला काळा ठिपका दिसला तर तो १५० ओहमचा रेझिस्टर, आणि त्यातून १६ मिलिअँपिअर वाहतात. पण चार्जर लावलेल्या बॅटरीवर १४.४ व्होल्ट असतात. तेव्हा रेझिस्टरवर दुप्पट व्होल्ट येतात, प्रवाहही जवळपास दुप्पट होतो, आणि पट्टी तापून लवकर मरते. स्वतः दिवे जोडणाऱ्यानं २४० ओहमचा रेझिस्टर घ्यावा, म्हणजे १४.४ व्होल्टवरही प्रवाह २० मिलिअँपिअरच राहील. उजेड थोडा कमी पडेल, पण दिवे टिकतील.

हे सगळं स्वस्तात एकत्र आलं ते कॉम्प्युटरमुळे. भंगारातल्या एसएमपीएसची, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याची, पिवळी वायर बारा व्होल्ट देते, काळी ऋण असते. हिरवी काळीला जोडली की तो चालू होतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत बाकीचं सामान मिळतं. १२० मिलिमीटरचा पंखा दोन-तीन वॅट घेतो. सोल्डरिंगचा धूर ओढायला तो पुरतो, आणि सोल्डरमधल्या राळेच्या त्या धुरानं दमा होऊ शकतो, म्हणून त्याची खरंच गरज आहे.

वर्कशॉपला कमी व्होल्टेज हवं याला कायद्याचाही आधार होता. १९४८ च्या, २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियमाचं कलम ३६अ टाकीसारख्या बंदिस्त जागेत, पुरेशी सुरक्षा साधनं नसतील तर, २४ व्होल्टच्या वरचा हातदिवा न्यायला मनाई करत होतं. लेथच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. आपल्या घरच्या विजेवर साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आणि त्या उजेडात वेगानं फिरणारा चक स्थिर असल्यासारखा दिसू शकतो. बॅटरीवर थेट लावलेल्या एलईडीचा उजेड अखंड असतो.

बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून कुणी निष्काळजी होऊ नये. साठ वॅटला २३० व्होल्टवर पाव अँपिअर पुरतो, बारावर पाच लागतात, म्हणून वायर जाड हवी. आणि शिशाची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडते, वायर लाल होऊन पेट घेते. तेव्हा पंखा, दिवा, स्विच काहीही जोडण्याआधी बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज बसवा.